सीआयसीएसमध्ये लिबर्टी बसवताना: थ्रेड किती, मेमरी कुठली आणि कमिट कोणाचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सीआयसीएस म्हणजे मेनफ्रेमवर व्यवहार चालवणारी आयबीएमची प्रणाली, तिची चालू असलेली एक प्रत म्हणजे रीजन, तिच्या आत जावा चालवणारा भाग म्हणजे जेव्हीएम सर्व्हर, आणि लिबर्टी हा त्यात बसणारा जावा वेब सर्व्हर. नमुन्याचा डीएफएचडब्ल्यूएलपी प्रोफाइल (जेव्हीएम सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) उचलून तुम्ही चाचणी रीजनमध्ये लिबर्टी जेव्हीएम सर्व्हर उभा केला. सगळं सुरळीत चाललं, म्हणून तोच प्रॉडक्शनमध्ये नेला. आता ग्राहकाकडे दुपार झाली, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले, की वेब रिक्वेस्ट अडकून बसतात आणि सीपीयू मात्र जेमतेम हलतो. शिवाय दोनदा असं झालं की डीबीटू या डेटाबेसमध्ये ओळ पडली, पण त्याच व्यवहारातली व्हीसॅम या मेनफ्रेमच्या फाइलमधली नोंद परत फिरली. थ्रेडलिमिट (एका वेळच्या थ्रेडची कमाल संख्या) किती ठेवू आणि हीप (जावाची मेमरी) किती देऊ, असं तुम्ही विचारलंय.

आकडे सांगतो, पण आधी दुसऱ्या त्रासाकडे वळतो. रिक्वेस्ट अडकली तर माणूस पुन्हा बटण दाबतो. पैसे एका खात्यातून गेले आणि दुसरीकडे नोंदच नाही, हे मात्र तीन आठवड्यांनी ताळमेळ जुळवताना कळतं. गेली चोवीस वर्षं मी पुण्यात बसून सीआयसीएस सिस्टिम प्रोग्रामिंग करतोय. त्यातली साधारण शेवटची दहा वर्षं लिबर्टी सोबत आहे. जावाची टीम आणि मेनफ्रेमची टीम यांच्यात सगळ्यात महाग पडलेला गैरसमज मी पाहिला तो कमिटबद्दलचाच, म्हणजे केलेला बदल कायमचा पक्का कधी होतो याबद्दलचा.

सीआयसीएस ८ जुलै १९६९ ला बाजारात आलं. आज आपण ज्याला जेव्हीएम सर्व्हर म्हणतो तो आला २००९ मध्ये, ट्रान्झॅक्शन सर्व्हर ४.१ बरोबर. लिबर्टी त्यात शिरला ५.१ मध्ये, २०१२ साली. मधल्या चाळीस वर्षांत सीआयसीएसने एक गोष्ट पक्की केलेली आहे. टास्क सुरू झाला की एक युनिट ऑफ वर्क उघडतं आणि रिकव्हरेबल (मागे घेता येणारं) असलेलं जे जे काही तो टास्क बदलतो ते सगळं त्या एका युनिटात बांधलं जातं. टास्क नीट संपला तर सगळं पक्कं, अबेंड झाला, म्हणजे मध्येच कोसळला, तर सगळं मागे. कोबोल लिहिणाऱ्याला याचा विचारही करावा लागत नाही. जावावाल्याची सवय वेगळी असते. त्याच्या हातात कनेक्शन असतं, तो कनेक्शनवर कमिट देतो आणि कनेक्शनपलीकडे काही बांधलेलं असेल असं त्याला वाटत नाही.

आता तुमच्या सर्व्हर.एक्सएमएल या लिबर्टीच्या कॉन्फिगरेशन फाइलमधला डेटासोर्स (डेटाबेसशी जोडणीची व्याख्या) बघा. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात ड्रायव्हरटाइप ४ लिहिलेलं आहे. टाइप ४ म्हणजे टीसीपी-आयपीवरून थेट डीबीटूकडे जाणारा ड्रायव्हर. हे कनेक्शन सीआयसीएसच्या डीबीटूकॉनमधून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या डीबीटू जोडणीतून, जातच नाही, त्यामुळे सीआयसीएसला त्याचा पत्ताही नसतो. त्यात ऑटोकमिट चालू असेल, आणि कोणी बंद केलं नसेल तर ते चालूच असतं, तर इन्सर्ट झाल्या क्षणी ती ओळ पक्की होते. पुढच्या ओळीत तुमचा कोड कोबोल प्रोग्रामला लिंक करतो, तो व्हीसॅममध्ये लिहितो आणि अबेंड होतो. सीआयसीएस आपलं काम चोख करून व्हीसॅमची नोंद मागे घेतं. डीबीटूची ओळ राहते तिथेच. तुमच्याकडे जे घडलं ते हेच, आणि यात ना सीआयसीएस चुकलं ना डीबीटू.

यावर दोन मार्ग आहेत. डीबीटू त्याच एलपारवर (मेनफ्रेमच्या त्याच विभागात) असेल तर मी डोळे झाकून टाइप २ घेतो. तो ड्रायव्हर डीबीटूकॉनमधून जातो, म्हणजे कोबोल प्रोग्रामचं एसक्यूएल आणि तुमच्या सर्व्हलेटचं (वेब रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा प्रोग्रामचं) एसक्यूएल एकाच युनिट ऑफ वर्कमध्ये बसतं. ऑटोकॉन्फिगर चालू असताना सीआयसीएस स्वतः जो डेटासोर्स लिहून देतं त्यात ट्रान्झॅक्शनल फॉल्स आणि एजडटाइमआउट शून्य असतं. ते फॉल्स पाहून नवा माणूस घाबरतो आणि ट्रू करून टाकतो. तसं करू नका. तिथे फॉल्सचा अर्थ एवढाच की लिबर्टीच्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरने यात हात घालू नये, ते सीआयसीएस बघतंय. टाइप २ वर एक गोष्ट मात्र जावा टीमला बसवून समजावा. या कनेक्शनवरचं कमिट म्हणजे सीआयसीएसचा सिंकपॉइंट. फक्त डीबीटूचं कमिट होत नाही, त्या टास्कने तोपर्यंत केलेलं सगळंच पक्कं होतं, व्हीसॅम आणि रिकव्हरेबल क्यूसकट. फ्रेमवर्क आतल्या आत लहान लहान कमिट देत असेल तर तुमचं एक युनिट सहा तुकड्यांत फुटलेलं असतं आणि कोडमध्ये ते कुठेही दिसत नाही.

डीबीटू दुसऱ्या मशीनवर असेल, किंवा डेटाबेसच वेगळा असेल, तर दुसरा मार्ग जेटीएचा, म्हणजे जावाच्या स्वतःच्या ट्रान्झॅक्शन व्यवस्थेचा. यूजरट्रान्झॅक्शनचं बिगिन आणि कमिट यांच्यामध्ये दोन्ही कामं ठेवा आणि डेटासोर्सचा टाइप एक्सए (दोन टप्प्यांत कमिट करणारा) करा. मग लिबर्टीचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर वरिष्ठ होतो, सीआयसीएसचं युनिट ऑफ वर्क त्याच्या हाताखाली येतं, आणि दोघांकडून तयारीचा होकार आल्यावरच कमिट होतं. बिगिन हे अगदी पहिलं पाऊल असू द्या, त्याआधी कुठल्याही रिकव्हरेबल गोष्टीला हात लावू नका. आणि बिगिन झाल्यावर आत कुठेही सिंकपॉइंट देऊ नका. जावातून तर नाहीच, पण लिंक केलेल्या कोबोलमधूनही नाही. जुन्या कोबोल प्रोग्राममध्ये दर शंभर नोंदींनंतर सिंकपॉइंट देण्याची पद्धत होती. असे प्रोग्राम आधी शोधून काढा, नाहीतर जेटीए चालू केल्या दिवशी ते एकेक करून पडायला लागतील. जेटीएची मुदत, टोटलट्रानलाइफटाइमटाइमआउट, डिफॉल्टने १२० सेकंद असते. तुमचा सगळ्यात लांब व्यवहार त्यात बसतो का, हेही एकदा मोजून घ्या.

याच्याच जवळची एक चूक कोडमध्ये असते, पण खापर कॉन्फिगरेशनवर फुटतं. सर्व्हलेटमध्ये मोठा ट्राय-कॅच असतो. अपवाद पकडला, लॉगमध्ये लिहिला, ब्राउझरला ५०० पाठवला, झालं. सीआयसीएसच्या नजरेतून मात्र टास्क सरळ संपला. सरळ संपला म्हणजे कमिट. अर्धवट काम पक्कं झालं आणि वापरणाऱ्याला सांगितलं की व्यवहार फसला. कॅचमध्ये रोलबॅक हवाच, टाइप २ असेल तर टास्कचा आणि जेटीए असेल तर यूजरट्रान्झॅक्शनचा.

आणि व्हीसॅम फाइलची व्याख्या स्वतः उघडून बघा. फाइल रिसोर्समध्ये रिकव्हरी नन असेल तर वरचं सगळं करूनही ती फाइल मागे फिरणार नाही, तिथे बॅकआउटओन्ली किंवा ऑल हवं. फाइल आरएलएसने (एकच फाइल अनेक रीजननी वाटून घेण्याच्या पद्धतीने) उघडत असाल तर हे फाइल रिसोर्सवर ठरत नाही, कॅटलॉगमधल्या लॉग गुणधर्मावर ठरतं. तुमच्या बाबतीत नोंद मागे फिरली म्हणजे ती फाइल रिकव्हरेबल आहेच. पण त्याच ॲप्लिकेशनमधल्या बाकीच्या फायलींचं काय, ते तपासलंय का?

आता जेटीएसोबत येणारी एक जबाबदारी सांगतो. तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. लिबर्टीचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर आपले निर्णय ट्रानलॉग नावाच्या डिरेक्टरीत लिहितो आणि ती डिफॉल्टने सर्व्हरच्या आउटपुट डिरेक्टरीतच असते. लॉग, डंप, वर्कएरिया यांच्या शेजारी. एका ठिकाणी झेडएफएस (या डिरेक्टऱ्या जिथे असतात ती फाइल सिस्टिम) भरत आला म्हणून आमच्याच टीमने रात्रीचा साफसफाईचा जॉब लावला. रीजन खाली असताना आउटपुट डिरेक्टरी रिकामी करायची, वर आल्यावर लिबर्टी सगळं पुन्हा तयार करतो, असा आमचा हिशेब होता. कित्येक आठवडे काहीच झालं नाही. मग एका रात्री रीजन कमिटच्या मधोमध पडला, त्याच्यामागोमाग साफसफाई झाली आणि रीजन वर आला. डीबीटूमध्ये डिस्प्ले थ्रेड टाइप इनडाउट दिला तर थ्रेड लटकलेले, कमिट की बॅकआउट हे न ठरलेले. सीआयसीएसमध्ये सीईएमटी इन्क्वायर यूओडब्ल्यू दिलं तर युनिट शंट झालेलं, म्हणजे निर्णयाविना बाजूला ठेवलेलं, व्हीसॅमच्या नोंदींवर कुलूप तसंच. दोघंही वरिष्ठाची वाट बघत होते आणि वरिष्ठाची वही आम्ही पुसून टाकली होती. ॲप्लिकेशनच्या लॉगवरून प्रत्येक व्यवहार हाताने शोधून, ग्राहकाच्या माणसाला फोनवर धरून, एकेका युनिटचा निर्णय आम्ही द्यायला लागलो तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. डीबीटूला रिकव्हर इनडाउट आणि सीआयसीएसला सेट यूओडब्ल्यू. दोन्हीकडे तोच निर्णय जायला हवा, एकीकडे कमिट आणि दुसरीकडे बॅकआउट गेलं तर आपणच आपल्या हाताने डेटा फाडतो. तेव्हापासून ट्रानलॉग मी वेगळ्या झेडएफएसवर ठेवतो, त्याचा मार्ग सर्व्हर.एक्सएमएल मधल्या ट्रान्झॅक्शन घटकात स्पष्ट लिहितो आणि डीएफएचलॉग या सीआयसीएसच्या सिस्टिम लॉगस्ट्रीमला जो मान देतो तोच त्याला देतो. रीजनचा कोल्ड स्टार्टही (मागचा हिशेब विसरून केलेली सुरुवात) याच कारणासाठी मी सहजासहजी होऊ देत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, थ्रेड.

जेव्हीएमसर्व्हर रिसोर्सवर थ्रेडलिमिटचा डिफॉल्ट १५ आहे आणि कमाल २५६. तुमच्याकडे १५ च असणार, नमुना उचलला म्हणालात म्हणून सांगतो. प्रत्येक थ्रेड म्हणजे एक टी-८ टीसीबी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरचा धागा), आणि सीजेएसए या नावाने धावणारी प्रत्येक वेब रिक्वेस्ट संपेपर्यंत तो धरून ठेवते. हिशेब सोपा आहे. समजा गर्दीत सेकंदाला ४० रिक्वेस्ट येतात आणि एकेक पाव सेकंदात संपते, तर एका वेळी १० थ्रेड गुंतलेले असतात. १५ पुरतात. पण डीबीटूचं उत्तर त्या वेळात एका सेकंदावर गेलं तर त्याच ४० रिक्वेस्टना ४० थ्रेड लागतात. चाचणीत हे कधीच दिसत नाही, कारण चाचणीत डीबीटू रिकामा असतो.

पण नुसतं थ्रेडलिमिट वाढवू नका, आधी आतून बाहेरपर्यंतची साखळी बघा. टाइप २ वर गेलात तर डीबीटूकॉनचा टीसीबीलिमिट (एका वेळी डीबीटूकडे जाऊ शकणाऱ्यांची कमाल) आडवा येतो, त्याचा डिफॉल्ट १२ आहे. थ्रेडलिमिट ६० आणि टीसीबीलिमिट १२ असेल तर ६० जण आत घेऊन त्यातले ४८ दारातच उभे करायचे, असा प्रकार होतो. शिवाय ते १२ तुमच्या कोबोल टास्कबरोबर वाटून घ्यायचे असतात. टाइप ४ वर असाल तर लिबर्टीच्या कनेक्शन पूलचा मॅक्सपूलसाइझ डिफॉल्टने ५० असतो आणि कनेक्शनसाठी ३० सेकंद थांबून तो अपवाद फेकतो. बाहेरच्या बाजूला एमएक्सटी आहे, म्हणजे रीजनमध्ये एका वेळी चालणाऱ्या टास्कची कमाल. वेबचे सगळे टास्क एमएक्सटीमध्ये मोजले जातात, म्हणून त्याच रीजनमध्ये जुन्या टर्मिनलच्या हिरव्या पडद्याचे कोबोल व्यवहार चालत असतील तर वेबच्या गर्दीत त्यांचा श्वास कोंडतो.

यासाठी माझी पद्धत अशी आहे. प्रत्येक ॲप्लिकेशनला यूआरआयमॅप (कुठला वेब पत्ता कुठल्या ट्रान्झॅक्शनखाली धावेल ते सांगणारी व्याख्या) लिहायचा, यूसेज जेव्हीएमसर्व्हर ठेवून, आणि त्यात सीजेएसएऐवजी स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी द्यायचा. सीजेएसएची व्याख्या कॉपी करून नवीन नावं बनवायची. मग त्या आयडींना ट्रानक्लास लावून त्यांची कमाल मर्यादा ठरवता येते, प्राधान्य वेगळं देता येतं, आणि मुख्य म्हणजे एसएमएफ ११० या सीआयसीएसच्या वापराच्या नोंदींमध्ये कोणतं ॲप्लिकेशन किती खातंय ते वेगवेगळं दिसतं. सगळं सीजेएसएखाली धावत असेल तर रात्री साडेनऊला तुम्हाला पडद्यावर एकच नाव चाळीस वेळा दिसतं आणि त्यातून कसलाच बोध होत नाही.

तुमची अडवणूक खरंच थ्रेडची आहे का, हे अंदाजाने ठरवू नका. जेव्हीएम सर्व्हरच्या स्टॅटिस्टिक्समध्ये थ्रेड लिमिटसाठी किती वेळा थांबावं लागलं, एकूण किती वेळ गेला आणि एका वेळी जास्तीत जास्त किती जण थांबले, हे तिन्ही आकडे असतात. मॉनिटरिंगमध्ये जेव्हीएमटीएचडीडब्ल्यूटी नावाचं फील्ड टास्कनिहाय तेच सांगतं. हे शून्य असतील तर थ्रेडलिमिट वाढवून काही होणार नाही, अडथळा पुढे कुठेतरी आहे.

सीपीयू जेमतेम हलतो, हे तुमचं वाक्य मला जास्त बोलकं वाटतं. सगळे थ्रेड गुंतलेले, कोणीच काम करत नाही, आणि दीड-दोन मिनिटांनी सगळं एकदम सुटतं, असं असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. तुमचं ॲप्लिकेशन त्याच रीजनमधल्या स्वतःच्याच दुसऱ्या रेस्ट सेवेला एचटीटीपीने हाक मारतंय का? आजकाल मोठं ॲप्लिकेशन लहान सेवांमध्ये फोडून एकाच लिबर्टीत टाकतात आणि त्या एकमेकींशी नेटवर्कवरून बोलतात. बाहेरची रिक्वेस्ट एक टी-८ धरते, आतल्या हाकेला दुसरा टी-८ हवा असतो. एकाच वेळी १५ बाहेरच्या रिक्वेस्ट आल्या की सगळे थ्रेड संपले, आतल्या पंधराही हाका रांगेत, आणि बाहेरच्या पंधरा त्यांच्यासाठी थांबलेल्या. कोणाचा तरी टाइमआउट होईपर्यंत हे असंच राहतं. त्या क्षणी जावाकोर (प्रत्येक थ्रेड कुठे आहे ते दाखवणारा डंप) काढा. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक सॉकेट रीडवर थांबलेला आणि पलीकडचा पोर्ट आपलाच दिसला, तर रोग सापडला. यावर थ्रेडलिमिट वाढवणं म्हणजे फक्त गर्दीची वेळ पुढे ढकलणं. आतली हाक साधी मेथड कॉल करा, नाहीतर ती सेवा वेगळ्या जेव्हीएम सर्व्हरमध्ये न्या.

हीपबद्दल मला थोडंच सांगायचंय. एक्सएमएक्स, म्हणजे कमाल हीप, ठरवताना जास्तीत जास्त द्यावं ही सवय सोडा. दोन-तीन दिवस गर्दीच्या वेळी सीईएमटी इन्क्वायर जेव्हीएमसर्व्हर देऊन ऑक्युपन्सी बघा, गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) झाल्यावर जे खरंखुरं उरतं ते. तो आकडा कमाल हीपच्या निम्म्याच्या आसपास राहिला तर मी निश्चिंत असतो. तो दिवसागणिक चढत गेला तर गळती आहे, हीप वाढवून ती लपवू नका. व्हर्बोजजीसी (गार्बेज कलेक्शनचा तपशीलवार लॉग) प्रॉडक्शनमध्येही चालूच ठेवतो, त्याचा भार नगण्य असतो आणि नंतर पुरावा हाताशी राहतो. जेनकॉन ही गार्बेज कलेक्शनची डिफॉल्ट पॉलिसी या प्रकारच्या छोट्या छोट्या व्यवहारांना साजेशी आहे, ती बदलायचं सबळ कारण मला अजून भेटलेलं नाही.

खरी ठेच हीपच्या बाहेर लागते. हीप ६४ बिटच्या भागातून येतो, त्याला मर्यादा मेमलिमिटची, म्हणजे रीजनला मिळणाऱ्या ६४ बिट मेमरीच्या कमाल आकड्याची. अलीकडच्या आवृत्त्यांत सीआयसीएसला स्वतःलाच निदान १० गिगाबाइट मेमलिमिट लागतो. त्यावर प्रत्येक जेव्हीएमचा हीप, जिट कंपायलरचा कोड, क्लास कॅशे आणि थ्रेडचे स्टॅक यांची भर. जेसीएलमध्ये (रीजन सुरू करणाऱ्या जॉबमध्ये) तुम्ही २० लिहिलंत तरी आयईएफयूएसआय ही सिस्टिमची एक्झिट तो गुपचूप कापू शकते. स्टोरेजच्या स्टॅटिस्टिक्समध्ये मेमलिमिट किती आणि तो कोणी ठरवला हे दोन्ही छापलेलं असतं, तिथे बघा. आणि ३१ बिटचा भाग विसरू नका. टी-८ थ्रेड तिथूनही थोडं थोडं खातात, तेही सीआयसीएसच्या ईडीएसएच्या (त्याने स्वतःसाठी राखलेल्या ३१ बिट मेमरीच्या) बाहेरचं. कोणीतरी कधीकाळी ईडीएसएलिम (ईडीएसएची मर्यादा) ताणून ठेवला असेल तर एमव्हीएस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी जागाच उरत नाही, आणि थ्रेडलिमिट २०० केल्या दिवशी जावाचा हीप अर्धा रिकामा असताना मेमरी संपल्याची बोंब होते.

जावाचा कोड झिप प्रोसेसरवर (मेनफ्रेमच्या स्वस्त पडणाऱ्या खास प्रोसेसरवर) जातो, हा लिबर्टी आत आणण्याचा मोठा आर्थिक आधार असतो. पण झिप भरले की काम सामान्य प्रोसेसरवर सांडतं, आणि लिबर्टी वर येताना सगळ्यात जास्त सीपीयू खातो. म्हणून सहा क्लोन रीजन एकाच मिनिटाला रीस्टार्ट करू नका. दोन-दोन मिनिटांनी एकेक करा.

तुमच्या प्रोफाइलकडे वळतो, कारण त्यात मला दोन गोष्टी खटकल्या. जेव्हीएम प्रोफाइलची फाइल एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंचात असते, सर्व्हर.एक्सएमएल मात्र यूटीएफ-८ किंवा आयएसओ ८८५९-१ मध्ये. दोन्ही एकाच डिरेक्टरीच्या झाडात, दोन्ही आयएसपीएफमधून उघडता येतात. टॅग नसलेली सर्व्हर.एक्सएमएल कोणी ओएडिटमध्ये उघडून वाचता येत नाही म्हणून रूपांतर करून सेव्ह केली, की लिबर्टीला ती फाइल म्हणजे कचरा. सीएचटॅग कमांडने फाइलवर कोडसेटचा टॅग लावून टाका, म्हणजे एडिटर आपोआप बरोबर दाखवतो. दुसरं, तुमच्या ऑटोकॉन्फिगरची ओळ प्रॉडक्शनमध्येही ट्रू आहे. चाचणीत ती सोन्यासारखी आहे. प्रॉडक्शनमध्ये कॉन्फिगरेशनची फाइल सर्व्हरने स्वतः लिहावी हे मला पटत नाही. एकदा तयार झालेली फाइल उचला, गिटमध्ये ठेवा, ऑटोकॉन्फिगर बंद करा आणि बदल फक्त गिटमधून जाऊ द्या. त्यातली इन्स्टॉल्डॲप्स.एक्सएमएल चा इन्क्लूड तेवढा काढू नका, बंडलमधून बसवलेली ॲप्लिकेशन्स त्यातूनच सापडतात. रीजनचं नाव, पोर्ट आणि डिरेक्टरी यांत ॲप्लआयडी आणि जेव्हीएमसर्व्हर ही चिन्हं वापरलीत तर सहा रीजनना एकच प्रोफाइल पुरतो.

प्रोफाइलचं नाव लहान-मोठ्या अक्षरांसह तंतोतंत जुळावं लागतं. सीईडीए या व्याख्या लिहिण्याच्या पडद्यावर तुम्ही लहान अक्षरं टाइप करता आणि टर्मिनलवर यूसीट्रान चालू असल्यामुळे ती मोठी होऊन साठतात. मग फाइल समोर दिसते आणि सीआयसीएस म्हणतं सापडत नाही. नव्या मुलांचा अर्धा दिवस यात जाताना मी किती वेळा पाहिलाय. सीईओटीने अप्परकेस बंद करून पुन्हा टाइप करा, किंवा सरळ प्रोफाइलचं नावच मोठ्या अक्षरांत ठेवा.

सुरक्षिततेचं एवढंच बघा की एंजल प्रोसेस (लिबर्टीला सुरक्षा सेवा वापरू देणारा स्वतंत्र प्रोसेस) लिबर्टीच्या आधी वर असतो का. लिबर्टी त्याला फक्त स्वतः सुरू होताना शोधतो. तेव्हा नसला तर लिबर्टी वर येतो, पण सॅफची (मेनफ्रेमच्या सुरक्षा यंत्रणेची) अधिकृत सेवा त्याला मिळत नाही आणि एंजल नंतर आला तरी तो जेव्हीएम सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. मेसेजेस.लॉग मध्ये सॅफक्रेडच्या पुढे सीडब्ल्यूडब्ल्यूकेबी०१०३आय हवा. ०१०४ दिसला तर सेवा उपलब्ध नाही असं समजा. लॉगिन न केलेल्या लोकांना लिबर्टी सॅफसमोर डिफॉल्टने डब्ल्यूएसगेस्ट ही ओळख देतो, त्या आयडीला रॅकएफ या सुरक्षा उत्पादनात रिस्ट्रिक्टेड करून ठेवा.

सुरू होण्याचा क्रमही लक्षात घ्या. सीआयसीएस वर आलं म्हणजे लिबर्टी वर आला असं नाही, तो मागे स्वतंत्रपणे येत असतो. सीडब्ल्यूडब्ल्यूकेएफ००११आय हा मेसेज येईपर्यंत लोड बॅलन्सरने तिकडे गिऱ्हाईक पाठवू नये. बंद करतानाही, लिबर्टीचा पोर्ट लिबर्टीने स्वतः उघडलेला असतो. सीआयसीएसची टीसीपीआयपीसर्व्हिस बंद करून तो बंद होत नाही, जेव्हीएम सर्व्हरच डिसेबल करावा लागतो. आधी फेजआउट, पुरेसा वेळ द्या, मग पर्ज, मग फोर्सपर्ज. किल हा शेवटचा उपाय, आणि तो वापरला तर त्या रीजनवर भरवसा ठेवू नका, पहिल्या सोयीच्या वेळी रीजनच रीस्टार्ट करा.

हे सगळं बदलल्यावर प्रॉडक्शनला नेण्याआधी एक चाचणी माझ्यासाठी करा. चाचणी रीजनमध्ये एक सर्व्हलेट लिहा. त्याने यूजरट्रान्झॅक्शन उघडून डेटाबेसमध्ये एक ओळ आणि व्हीसॅममध्ये एक नोंद टाकायची आणि कमिटच्या आधी तीस सेकंद थांबायचं. त्या तीस सेकंदांत एमव्हीएस कन्सोलवरून रीजन कॅन्सल करा. ऑटो स्टार्टने वर आणा आणि दोन्हीकडे बघा, काहीच नसायला हवं. मग एका सर्व्हलेटऐवजी वीस रिक्वेस्ट एकदम सोडा, थांबण्याची ओळ काढून टाका आणि कमिट धडाधड चालू असताना कॅन्सल करा. वर आल्यावर प्रत्येक ओळीला जोडीची नोंद आहे का ते मोजा, इनडाउट थ्रेड आणि शंट झालेली युनिट आपोआप सुटतात का बघा, आणि ती किती वेळात सुटली ते घड्याळ लावून लिहून ठेवा. एकही जोडी फुटली तर तुमचा सर्व्हर.एक्सएमएल आणि त्या वेळचा मेसेजेस.लॉग पाठवा, मी बघतो.